मनाचे दुखणे आणि त्यावरचे इलाज

अंगात ताप भरला की आपण कपाळाला हात लावून पाहतो. पाय मुरगळला तर सूज दिसते. मनाचे दुखणे मात्र हाताला लागत नाही आणि डोळ्यांना दिसत नाही. माणूस जेवत नाही, बोलत नाही. ओसरीवर भिंतीला टेकून बसून राहतो. मग घरचे म्हणतात, "ह्याला काय झालंय? चांगला धडधाकट तर आहे. कामाचा कंटाळा, दुसरं काय!" शेजारी म्हणतात, "बाहेरचं काहीतरी दिसतंय. एकदा दाखवून आणा." आणि तो माणूस स्वतःशी म्हणतो, "मी आता कोणाच्याच कामाचा राहिलो नाही."

तिघांचेही म्हणणे खरे नाही. तो आळशी नाही. त्याला भूत लागलेले नाही. तो निकामीही झालेला नाही. तो आजारी आहे, आणि त्या आजारावर इलाज आहे. इलाज एकच आहे असेही नाही, पुष्कळ आहेत. कोणता इलाज कोणाला चालतो, तो किती दिवस घ्यायचा आणि मध्येच का सोडायचा नाही, हे आज आम्ही सांगणार आहोत. आम्ही डॉक्टर नव्हे. आमचा जन्म शाळेत खडू धरण्यात गेला. पण हा विषय जाणत्यांना विचारून समजून घेतला आहे, तो तुमच्यापुढे ठेवतो.

आधी आजार ओळखावा

दुःख कोणाला होत नाही? पीक बुडाले, जवळचे माणूस गेले, की मन उदास होते. चार दिवस जातात, माणसे येऊन बसतात, हळूहळू मन ताळ्यावर येते. हा आजार नव्हे. पण दोन आठवडे झाले, रोज, दिवसभर मन उदास आहे, कशातच गोडी वाटत नाही, झोप पहाटेच मोडते, भूक मेली आहे, हातून काम होत नाही, आपण वाईट आहोत असे सारखे वाटते, असे असेल तर तो नैराश्याचा आजार समजावा.

आपल्याकडचा माणूस "मला नैराश्य आलंय" असे कधी म्हणत नाही. तो म्हणतो, "डोकं जड होतं. अंगातली ताकद गेली. छातीत धडधडतं." मग तो शक्तीचे इंजेक्शन घेतो, सलाईन लावून घेतो. पैसे जातात आणि दुखणे तसेच राहते. म्हणून डॉक्टरांपुढे अंगाचे सांगून झाले की मनाचेही सांगावे. "झोप नाही, कशात मन लागत नाही, रडू येतं," एवढे तीन शब्द सांगितले तरी चांगल्या डॉक्टराला पुढचे कळते. तो आधी रक्त तपासायला सांगेल. रक्त कमी असले किंवा गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी मंद झाली तरी माणूस असाच गळून जातो. ते आधी पाहून घेतात.

बाळंतपणानंतर काही बायकांना हा आजार होतो. बाळाकडे पाहावेसे वाटत नाही, सारखे रडू येते. सासू म्हणते, "आम्ही काय पोरं काढली नाहीत का?" सासूबाई, तुम्ही काढलीत हे खरे. पण सून नाटक करीत नाही. तिला लवकर दाखवावे. अंगावर पाजत असताना चालतील अशी औषधेही आहेत. ती कोणती ते डॉक्टर ठरवतील.

दुसरे दुखणे धसक्याचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतली हजारो माणसे झोपेतच गेली. ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यात माळीण गावावर डोंगर कोसळला. अशा प्रसंगातून जे वाचतात, त्यांचे शरीर वाचते पण मन तिथेच अडकून राहते. जरा भांडे पडले तरी दचकायला होते. तेच दृश्य स्वप्नात येते, जागेपणीही डोळ्यांपुढे उभे राहते. त्या जागेकडे पाऊल वळत नाही. धसका बसायला भूकंपच लागतो असे नाही. रस्त्यावरचा अपघात, बलात्कार, घरातली रोजची मारहाण, पोराने डोळ्यांदेखत जीव देणे, कशानेही तो बसतो. पहिले काही आठवडे असे होणे साहजिक आहे. जवळची माणसे सोबत असली, झोपायला छप्पर आणि पोटाला अन्न असले, तर बहुतेकांचे आपोआप निवळते. त्या दिवसांत "सांग, काय काय झालं" म्हणून कोणाला खोदू नये. त्याने आपणहून सांगितले तर ऐकावे. महिना उलटूनही तसेच राहिले तर मात्र इलाज करावा.

तिसरे दुखणे भासाचे. कोणी नसताना आवाज ऐकू येतात. घरचे लोक विष घालतात असा संशय येतो. आणि चौथे दुखणे उन्मादाचे. माणूस रात्र रात्र झोपत नाही, अखंड बोलतो, मोठमोठे बेत करतो, होते नव्हते ते पैसे उधळतो. काही महिन्यांनी तोच माणूस नैराश्यात पडतो. ही दुखणी कमी जणांना होतात, पण गावाच्या डोळ्यांत तीच भरतात. म्हणून मनाचे दुखणे म्हटले की लोकांना हीच आठवतात आणि नैराश्यातला माणूस म्हणतो, "मला काय येड लागलंय का?" 'वेडा' हा शब्दच आपण आता सोडून द्यावा हे बरे. क्षयाच्या रोग्याला आपण शिवी देत नाही.

बोलण्याचा इलाज

"नुसतं बोलून का कुठं दुखणं जातं?" असे आम्हाला एका पाटलांनी विचारले होते. जाते. पण ते बोलणे पारावरच्या गप्पांचे नव्हे, आणि "धीर धरा, देव आहे" असल्या उपदेशाचेही नव्हे. त्याची रीत ठरलेली असते.

नैराश्यात काय होते ते पाहा. मन लागत नाही म्हणून माणूस शेतावर जात नाही. शेतावर जात नाही म्हणून कोणी भेटत नाही, हातून काही घडत नाही. काही घडत नाही म्हणून मन आणखी खचते. रहाट उलटा फिरू लागतो. माणूस म्हणतो, "बरं वाटलं की कामाला लागेन." समुपदेशक त्याला सांगतो की आधी पाय हलवू, मन मागून येईल. पण लगेच एकर नांगरायला सांगत नाही. आज गोठ्यापर्यंत जायचे आणि शेळीला पाला टाकायचा. उद्या देवळापर्यंत जायचे. परवा बहिणीकडे जाऊन चहा घ्यायचा. काय केले आणि केल्यावर कसे वाटले, ते कागदावर लिहायचे किंवा कोणाकडून लिहून घ्यायचे. पुढच्या भेटीत दोघांनी मिळून ते पाहायचे. काय केल्याने जरा बरे वाटले? ते वाढवायचे. कशाने मन बिघडले? त्यावर काय करता येईल?

हे सोपे वाटते. सोपे आहेच. पण गोव्यात एका सेवाभावी संस्थेने याची कसून परीक्षा घेतली. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याने बरेच खचलेले ४९५ स्त्रीपुरुष निवडले. अर्ध्या लोकांना नेहमीची देखभाल दिली. उरलेल्या अर्ध्यांना त्याशिवाय हा बोलण्याचा इलाज दिला. सहा ते आठ भेटी, दर भेट अर्ध्यापाऊण तासाची, कधी दवाखान्यात तर कधी घरी. आणि हे बोलणारे कोण होते? मोठे डॉक्टर नव्हते. तिथलीच साधी माणसे होती. त्यांना हे काम शिकवून तयार केले होते. तीन महिन्यांनी पाहिले तर ज्यांना हा इलाज मिळाला त्यांच्यातले शंभरात ६४ जण आजारातून बाहेर आले होते. दुसऱ्या गटात शंभरात ३९. हे निकाल २०१६ च्या अखेरीस जाहीर झाले.

आमच्या अमरावती जिल्ह्यातही 'विश्राम' नावाचा उपक्रम तीस गावांत चालला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन लोकांशी या आजाराविषयी बोलणे केले. आधी नैराश्याच्या शंभर रोग्यांत जेमतेम चार जण इलाजाला जात होते. दीड वर्षाने सत्तावीस जाऊ लागले. म्हणजे अडचण नुसती डॉक्टर नसण्याची नाही, न बोलण्याचीही आहे.

धसक्यावरचा मुख्य इलाजही बोलण्याचाच आहे. शिकलेल्या माणसाबरोबर, सुरक्षित जागी, थोडे थोडे करून त्या आठवणीजवळ जायचे असते. बैल एका जागी बुजला तर आपण त्याला चाबूक मारीत नाही. लांबून दाखवतो, थांबतो, मग दोन पावले पुढे नेतो. तसेच हे आहे. नवशिक्याने हा प्रयोग करू नये.

गोळ्यांचा इलाज

आता गोळ्यांकडे वळू. आमच्या मते गावात सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो.

या गोळ्या कशा सापडल्या ती गोष्ट ऐकण्याजोगी आहे. १९५२ साली न्यूयॉर्कच्या एका इस्पितळात क्षयाच्या रोग्यांना नवे औषध देऊन पाहिले. रोगी एकदम हसू-बोलू लागले, उत्साही झाले. औषध फुप्फुसासाठी होते, पण फरक मनात पडला. त्यावरून डॉक्टरांच्या ध्यानात आले की मनाच्या दुखण्यावर औषध असू शकते. ते औषध पुढे मागे पडले. त्याहून चांगली आणि कमी त्रासाची औषधे आली. आज फ्लुओक्सेटीन, एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन अशी नावे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दिसतात. हलक्या नैराश्याला बोलण्याचा इलाज पुरतो. दुखणे जड असेल तर गोळ्या लागतात, आणि दोन्ही इलाज एकदम केले तर अधिक चांगले.

पण गोळी डोकेदुखीच्या गोळीसारखी लागलीच काम करीत नाही. पेरले की दुसऱ्या दिवशी कणीस धरत नाही. दोन ते चार आठवडे जावे लागतात, पुरता गुण यायला सहा आठवडेही लागतात. आणि गंमत अशी की त्रास मात्र पहिल्या आठवड्यातच सुरू होतो. मळमळते, पोट बिघडते, डोके दुखते, थोडी बेचैनी वाटते. माणूस म्हणतो, "गोळीनं तर जास्तच बिघडलं," आणि डबी फळीवर ठेवून देतो. हा त्रास बहुतेक करून आठ-पंधरा दिवसांत जातो. नाही गेला तर डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घ्यावी. काही गोळ्यांनी नवराबायकोच्या संबंधात फरक पडतो. तेही लाज न धरता सांगावे, त्यावर तोड आहे.

दुसरा घोटाळा बरे वाटल्यावर होतो. आमच्या ओळखीचे एक शेतकरी होते. दोन महिने गोळ्या घेतल्या, चेहरा फुलला, बैल घेऊन कामाला लागले. बायको म्हणाली, "अहो, गोळ्या संपल्यात, आणायला जा की." ते म्हणाले, "आता कशाला? मी बरा झालो." सुगीनंतर पुन्हा भिंतीला टेकून बसले. दुसऱ्या खेपेला त्यांनी वर्षभर गोळी घेतली आणि ती डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू कमी करीत सोडली. आता ते बरे आहेत. बरे वाटू लागल्यावरही निदान सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवायची असते. दुखणे पुन्हा पुन्हा उलटत असेल तर त्याहून जास्त. आणि सोडतानाही एकदम सोडायची नाही. एकदम सोडली तर चक्कर येते, अंगात झिणझिण्या येतात, झोप उडते. त्यावरून लोक म्हणतात, "बघा, व्यसन लागलं." ते व्यसन नव्हे. दारूसारखी तलफ या गोळीची येत नाही आणि मात्राही वाढवत न्यावी लागत नाही.

सवय लागते ती झोपेच्या गोळीची. ती वेगळी. डॉक्टर ती थोड्या दिवसांपुरती देतात. दुकानातून परस्पर आणून महिनोन् महिने घेऊ नये. जो घेत आलाच आहे त्याने एका दिवसात बंदही करू नये, डॉक्टरांना सांगून उतरवावी. गोळ्या चालू असताना दारू घेऊ नये. दारू त्या रात्री दुःख विसरायला लावते आणि सकाळी ते दुप्पट करते.

ज्याला पूर्वी कधी उन्माद झाला असेल त्याने ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. अशा माणसाला नुसती नैराश्याची गोळी दिली तर उन्माद उसळू शकतो. त्याला लिथियमसारखे औषध देतात. लिथियम हा एक क्षार आहे. तो १९४९ पासून या दुखण्यावर वापरात आहे. त्याचे रक्तातले प्रमाण वेळोवेळी तपासावे लागते. ते घेणाऱ्याने उन्हातान्हात पाणी भरपूर प्यावे. जुलाब-उलट्या लागल्या तर लगेच दवाखाना गाठावा, आणि अंगदुखीची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये. भासाच्या आजाराची औषधे वेगळी, आणि ती बराच काळ घ्यावी लागतात. रोज गोळी घ्यायला रोगी कटकट करीत असेल तर दोन आठवड्यांनी किंवा महिन्याने एकदा घ्यायचे इंजेक्शनही असते. घरचे लोक भाकरीत गोळी लपवून देतात. ते कळले की रोग्याचा संशय आणखी पक्का होतो. त्यापेक्षा इंजेक्शनाचे विचारावे.

शॉकची भीती

शॉक म्हटले की सिनेमातले दृश्य आठवते. आता तसे नसते. रोग्याला भूल देतात, स्नायू सैल करण्याचे औषध देतात आणि मग काही क्षण डोक्याला विजेचा सौम्य प्रवाह देतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भुलीशिवाय शॉक द्यायला बंदी केली आहे. काही दिवस विसरायला होते, पण ज्याने अन्नपाणी सोडले आहे किंवा ज्याचा जीव धोक्यात आहे, त्याला या इलाजाने लवकर गुण येतो. तो सगळ्यांना लागत नाही. पण डॉक्टरांनी सुचवला तर घाबरून उठून येऊ नये. का द्यायचा, किती वेळा द्यायचा, हे विचारून घ्यावे.

देव, भगत आणि साखळी

देवाला नारळ वाहायला आमची हरकत नाही. मनाला आधार मिळत असेल तर वाहावा. पण गोळी बंद करून नव्हे. आणि अंगारा देणारा वेगळा, मारणारा वेगळा. भूत काढतो म्हणून दोराने बांधणे, चाबकाने मारणे, मिरच्यांची धुरी देणे, हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

तमिळनाडूत एरवाडी नावाचे गाव आहे. (पुण्याचे येरवडा वेगळे.) तिथल्या दर्ग्याजवळ एका खासगी झोपडीवजा आश्रमात रोग्यांना साखळ्यांनी बांधून ठेवीत. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली. साखळ्यांमुळे रोग्यांना पळता आले नाही. अठ्ठावीस जण मेले. आज कायद्याने कोणाही रोग्याला साखळीने बांधता येत नाही. घरातला माणूस आवरत नसेल तर त्याला गोठ्यात बांधू नका, दवाखान्यात न्या. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे सरकारी मनोरुग्णालये आहेत. पण बहुतेकांना तिथवर जायची गरजच पडत नाही. जिल्हा रुग्णालयात मनोविकाराचे डॉक्टर पाहतात, आणि कित्येक ठिकाणी ठरावीक दिवशी तालुक्यालाही येतात.

जीव देण्याचा विचार

हे वाचायला जड आहे, पण सोडून पुढे जाऊ नका. नैराश्यातला माणूस म्हणू लागला की "माझं ओझं उतरेल एकदाचं," किंवा आपल्या वस्तू वाटू लागला, देणेघेणे मिटवू लागला, तर त्याला सरळ विचारावे, "दादा, जीव द्यायचं मनात येतंय का?" विचारल्याने विचार डोक्यात भरतो अशी लोकांची समजूत आहे. ती खरी नाही. विचारल्याने त्याला बोलायला वाट मिळते.

मग त्याला एकटे ठेवू नये. फवारणीचे औषध त्याच दिवशी घरातून हलवावे. कुलूप घालावे आणि किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. तो विचार पुष्कळदा लाटेसारखा येतो आणि ओसरतो. त्या वेळी हाताशी विष नसले तर माणूस वाचतो. गोळ्या नव्याने सुरू झाल्या असतील तर पहिले काही आठवडे जास्त डोळा ठेवावा, विशेषतः तरुण पोरांवर. १४४१६ हा सरकारी फोन आहे. टेलि-मानस म्हणतात त्याला. १० ऑक्टोबर २०२२ पासून तो चालू आहे. दिवसा-रात्री केव्हाही लागतो, पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येते.

कोणी विष घेतलेच तर पोलिसांच्या भीतीने घरात लपवू नये. असा माणूस भारी मानसिक ताणाखाली होता असेच २०१७ चा कायदा धरून चालतो आणि त्याची काळजी घ्यायला सरकारला सांगतो. मीठ-पाणी पाजत बसू नये. जी बाटली सापडेल ती बरोबर घ्यावी आणि १०८ ला फोन करावा.

पहिल्या दिवशी काय न्यावे

दवाखान्यात जाताना जुने केस पेपर न्यावेत. चालू असतील त्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे न्यावीत, रक्तदाबाची आणि साखरेचीसुद्धा. घरातल्या एका माणसाने बरोबर जावे, आणि ते असे हवे की ज्याला रोग्याची झोप आणि जेवण ठाऊक आहे. डॉक्टर रोग्याशी एकट्याशी बोलायला मागतील, तेव्हा बाहेर येऊन बसावे. केव्हापासून हे सुरू झाले, घराण्यात पूर्वी कोणाला होते का, दारू किती, हे ते विचारतील. उत्तरे खरी द्यावीत. निघण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्याव्यात. आजाराचे नाव काय? गोळी केव्हा आणि किती दिवस? पुन्हा कोणत्या वारी यायचे? आता तुम्हाला लिहिता येते, तेव्हा तो कागद तुम्हीच लिहा, आणि भाकरीच्या दुरडीजवळ, रोज हात जातो तिथे, भिंतीला लावून ठेवा.